पहिल्या धारेची खरंच भारी असते का? सांगलीकडच्या एका छोट्या डिस्टिलरीतला अनुभव

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: छोट्या क्राफ्ट डिस्टिलरीत दारू नेमकी कशी बनते, 'पहिल्या धारेची' सगळ्यात भारी हे खरं का, आणि पुढच्या महिन्यात गोव्याला टेस्टिंगला, म्हणजे दारू चाखून बघायला, जाणार आहात तर तिथं काय करायचं. मी सहा वर्षं झाली पलूस-तासगाव पट्ट्यातल्या एका लहान युनिटमध्ये भट्टीवर आणि ब्लेंडिंगला आहे, युनिटचं नाव इथं टाकत नाही, पण रोजचं काम हेच आहे त्यामुळं जे बघितलंय ते सांगतो.

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी दोन्ही त्यालाच जोडलेत. नाही, पहिल्या धारेची भारी नसते. कडक असते. आपल्याकडं कडक आणि भारी हे दोन शब्द एकच झालेत, सगळा घोळ तिथं आहे. हातभट्टीत एकदाच काढतात, थर्मामीटर नाही, दारूचा जोर मोजायचा हायड्रोमीटर नाही, सुरुवातीला येते ती सगळ्यात जोरदार आणि मग हळूहळू पाणचट होत जाते, वर विकणारा त्यात पाणी मारणार ते वेगळंच, म्हणून गिऱ्हाईकाच्या दृष्टीनं पहिली धार म्हणजे बिनपाण्याची, खात्रीची. हे समजू शकतो. पण आमच्याकडं पहिली जी धार पडते ती कुणाच्या तोंडाला लागत नाही.

आता बनते कशी ते सांगतो. आम्ही मुख्यतः गुळाची रम करतो. २०० किलो गूळ घेतला तर पाणी घालून साधारण हजार लिटरचं आंबवण होतं, आम्ही त्याला वॉश म्हणतो. गूळ निवडण्यात आमच्या मालकांचा निम्मा जीव जातो. सांगलीच्या मार्केट यार्डात गुळाचे पिवळेधमक सुंदर रवे, म्हणजे ढेपा, दिसतात ना, ते आम्ही घेत नाही. तो पिवळा रंग बऱ्याचदा हायड्रॉस पावडरचा असतो, त्यात गंधक असतं, आणि ते आंबवताना सडक्या अंड्यासारखा वास घेऊन वर येतं. आम्ही ठरलेल्या गुऱ्हाळातनं काळपट, भेंडीच्या पाण्यानं मळी काढलेला गूळ आणतो, दिसायला काही नाही पण फोडला की काहिलीचा, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईचा, वास येतो. गुळव्यानं जरा जास्त आटवला असेल तर त्याची कडसर चव शेवटी बाटलीत सुद्धा कळते, एवढं ते पुढं येतं.

यीस्ट टाकलं की दुसऱ्या दिवशी टाकीजवळ उभं राहिलं तर पत्र्यावर बारीक पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. साखरेची दारू होते आणि तेवढ्याच वजनाच्या आसपास कार्बन डायऑक्साईड निघतो, तो हवेपेक्षा जड, खाली साठतो, म्हणून टाकीत डोकं घालून वास घ्यायचा नाही हे नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगतो. तापमान ३०-३२ च्या आसपास ठेवायचं. मे महिन्यात सांगलीत बाहेर ४० असतं तेव्हा हे किती अवघड आहे ते सांगलीकरच समजेल. एकदा रात्री लाईट गेली, जनरेटर घेतला नाही, चिलर बंद, सकाळी टाकी ३९ वर होती. यीस्ट बसलं, वर आंबट व्हिनेगरचा वास. हजार लिटर सोडून द्यावं लागलं आणि मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

चार-पाच दिवसांत वॉश ९-१० टक्के अल्कोहोलचं होतं. मग तांब्याचं भांडं, त्यात वॉश उकळायचं आणि वाफ गार करून दारू काढायची. आमचं ५०० लिटरचं आहे आणि आतून कल्हई नसते, मुद्दाम, कारण उघड्या तांब्यालाच गंधकाचे वास चिकटतात आणि काळा थर बसतो, तो घासून काढावा लागतो. स्टीलच्या भांड्यात हे होत नाही आणि वास थेट दारूत उतरतो. दारू ७८ डिग्रीला उकळते असं सगळे सांगतात, ते शुद्ध अल्कोहोलचं झालं. दहा टक्क्यांचं वॉश उकळायला लागतं तेव्हा काटा ९० च्या वर असतो आणि दारू कमी होत जाईल तसा चढत राहतो. म्हणजे असं नाही की ७८ ला सगळी दारू निघाली आणि पाणी मागं राहिलं. सगळं मिसळूनच येतं, फक्त प्रमाण बदलत जातं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं कळायला सोपं जातं.

पहिल्यांदा दोन वेळा भांडं भरून नुसतं ओढून घेतो, त्यातनं साधारण ३०० लिटर २८ टक्क्यांच्या आसपासचं मिळतं. खरं काम दुसऱ्या खेपेला. तेव्हा आग एकदम बारीक, धार पेन्सिलीच्या शिसाएवढी. पहिले दोन लिटर सरळ बाजूला, ते परत वापरत नाही. त्यानंतरचे दहा-बारा लिटर म्हणजे हेड्स: नेलपॉलिश रिमूव्हरचा वास, हिरव्या सफरचंदाचा, पेंटच्या दुकानात शिरल्यासारखं डोक्यात जातं. मग मधला भाग, हार्ट्स, आमच्याकडं साधारण ७० लिटर, सरासरी ७० टक्क्यांचे. आणि शेवटी टेल्स, भिजलेल्या गोणपाटाचा, ओल्या कुत्र्याचा वास. हेड्स-टेल्स पुढच्या खेपेला भांड्यात परत जातात. ते ७० लिटर ४२.८ टक्क्यांवर आणले की ७५० मिलीच्या दीडशे बाटल्या होतात. दोनशे किलो गूळ, आठवडाभराचं काम आणि दीडशे बाटल्या, म्हणून क्राफ्टची बाटली महाग असते. हे ४२.८ कुठनं आलं तर जुन्या ब्रिटिश प्रूफच्या मापातनं, ५७.१ टक्के म्हणजे १०० प्रूफ, त्याचे पाऊण म्हणजे ४२.८. एक्साईजवाले अजून २५ अंडर प्रूफ म्हणतात.

हार्ट्स कुठं सुरू करायचे आणि कुठं थांबायचं, याला आम्ही कट म्हणतो, आणि माझ्या मते डिस्टिलरीत खरं कौशल्य एवढंच आहे. मीटर मदत करतो पण ठरवत नाही. मला शिकवलं ते मामांनी, म्हणजे सगळे मामाच म्हणायचे, साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतनं रिटायर होऊन आमच्याकडं आलेले. माझं बीएस्सी केमिस्ट्री झालेलं, मी आकडे वहीत लिहित बसायचो. एक दिवस मामांनी माझा हात ओढला, धारेखाली धरला, तळव्यावर चमचाभर घेतली आणि म्हणाले, "चोळ." चोळली. "आता हुंगू नको, थांब जरा." दहा-पंधरा सेकंद थांबलो, अल्कोहोल उडून गेलं, हात गार पडला. "आता घे." आणि तळव्यातनं केळ्याचा आणि मागं कुठंतरी काकवीचा वास आला. थोड्या वेळानं परत चोळायला लावली तर काकवी होतीच पण खाली ओल्या पोत्यासारखं काहीतरी. मीटरवर दोन टक्क्यांचाच फरक होता. मामा म्हणाले, "ह्या दोन हातांच्या मधी कुठंतरी तुझा कट हाय बग, सापडतो का." मला तो नीट सापडायला दोन वर्षं लागली. आता धार बदलायच्या वेळेला आम्ही दर अर्ध्या-एक लिटरला नंबर टाकलेल्या ग्लासात थोडं थोडं घेतो, पाणी घालतो, झाकून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत हुंगतो, कारण भट्टीशेजारी दिवसभर उभं राहून नाक दमलेलं असतं.

मिथेनॉलबद्दल स्वतंत्र लिहितो कारण यात लोकांचा जिवाचा प्रश्न आहे. पहिली धार फेकली म्हणजे सगळं मिथेनॉल गेलं असं नेटवर सगळीकडं लिहिलेलं असतं. ते बरोबर नाही. पाण्याबरोबर मिसळलेलं असताना मिथेनॉल थोडं थोडं करत पूर्ण वेळ येत राहतं. ते तयार होतं फळातल्या पेक्टिन नावाच्या चिकट द्रव्यापासनं, म्हणून गुळात नगण्य, द्राक्षात जास्त. आम्ही सीझनला एक्स्पोर्टमध्ये न बसलेल्या तासगावच्या द्राक्षांची थोडी ब्रँडी करतो तेव्हा प्रत्येक बॅच लॅबला जाते. आणि विषारी दारूनं माणसं मरतात ती आंबवण चुकल्यामुळं सहसा नाही, कुणीतरी इंडस्ट्रीचं मिथेनॉल त्यात मिसळलेलं असतं. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलनंच. शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं, डोळ्याची नस पहिली धरतं. प्यायल्यावर काही तासांनी नजर धूसर झाली तर झोपू द्यायचं नाही, तडक मोठ्या दवाखान्यात न्यायचं, वेळेत गेलं तर डायलिसिसनं वाचतात. आणि हे सगळं वाचून घरी कुकर-पाईप लावायचा विचार असेल तर कृपा करून सोडा. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, लायसनशिवाय गाळणं गुन्हा आहे, शिवाय बंद खोलीत अल्कोहोलची वाफ आणि गॅसची शेगडी म्हणजे काय होईल ते सांगायला नको. आमच्याकडं टाकीला एक्साईजचं कुलूप असतं, लिटरचा हिशोब द्यावा लागतो.

काढल्यावर लगेच बाटलीत भरत नाही. पाणी आठ-दहा दिवस थोडं थोडं घालत खाली आणतो. आरओचंच, कारण आमच्या भागातलं बोअरचं पाणी जड आहे, ते घातलं तर दोन महिन्यांनी बाटलीत पांढरं धुकं येतं. एक गंमत बघण्यासारखी असते, ५० मिली अल्कोहोल आणि ५० मिली पाणी मिसळलं की १०० होत नाही, ९६-९७ च भरतं, आणि ग्लास हाताला कोमट लागतो. काही माल लाकडी पिंपात जातो. स्कॉटलंडमध्ये पिंपातनं वर्षाला २ टक्क्यांच्या आसपास उडून जातं, आपल्या हवेत ८-१० टक्के आरामात. म्हणून आपल्याकडं तीन-चार वर्षांतच लाकूड चांगलं उतरतं, जास्त ठेवलं तर नुसता फर्निचरचा वास.

आता तुमचं टेस्टिंग. शक्यतो सकाळी अकराच्या सुमाराला जा, जेवणाआधी, पण उपाशीपोटी नको. आदल्या तासाभरात चहा, तंबाखू, मसालेदार काही नको. इथं पाहुणे येतात ते सांगलीची भडंग खाऊन येतात आणि मग सगळ्या ग्लासात लसूणच लागतो. मध्ये मध्ये तोंड साफ करायला साधे कुरमुरे, पाणी. अत्तर लावून जाऊ नका. ग्लास खाली फुगीर वर निमुळता मागा, बर्फ नको, सोडा तर नकोच. नाक आत खुपसू नका, ग्लास हनुवटीजवळ धरून तोंड किंचित उघडं ठेवून श्वास घ्या, म्हणजे झिणझिण्या येत नाहीत आणि वास सुटा सुटा कळतो. पहिला घोट अगदी चमचाभर, तो फक्त जिभेला सवय लागायला, त्यावरनं मत बनवू नका. दुसरा घोट तोंडात फिरवा, थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, त्यात लाज वाटायचं काही कारण नाही, आम्ही दिवसात वीस नमुने बघतो आणि एकही गिळत नाही. मग थोडं थोडं पाणी घाला. पाणी घातल्यावर दोष लपत नाहीत, बरेच ब्लेंडर २० टक्क्यांपर्यंत खाली आणून हुंगतात ते याचसाठी. पेंटचा वास वर आला तर हेड्स काढून टाकताना हात आखडता घेतला, गोणपाट आलं तर टेल्समध्ये लोभ केला, हे तुम्हाला लगेच कळेल.

गोव्यात फेणी दिलीच तर बिचकू नका. काजूच्या बोंडांचा रस आंबवून काढतात, पहिल्या खेपेचा हुर्राक हलका असतो आणि उन्हाळ्यातच मिळतो, परत काढला की फेणी. तिला २००९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय. वास तीव्र आहे पण पाणी घालून पाच मिनिटं ठेवा, आत फळ सापडेल. तिथं थेट विचारा, कट कोण घेतं आणि कशावरनं घेतं. सांगणारा माणूस स्वतः भट्टीवर उभा राहत असेल तर त्याचा चेहरा उजळतो आणि तो तासभर बोलतो, आणि नसेल तर तो बाटलीच्या लेबलची माहिती देईल.

गाडी दुसऱ्याला चालवू द्या. आणि एखादी बाटली घरी आणलीत तर रात्री प्यायल्यावर ग्लास धुवू नका, तसाच ओट्यावर राहू द्या, सकाळी चहाच्या आधी तो रिकामा ग्लास हुंगा. अल्कोहोल उडून गेलेलं असतं, खाली जे उरलंय तेवढंच येतं. आमच्या गुळाच्या रमचा ग्लास सकाळी हुंगला की मला गुऱ्हाळावर काहील उतरवतात तेव्हाचा वास येतो.