स्टुटगार्टला येताय? गाडीचं आधी सांगते

तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. हाच प्रश्न अकरा वर्षांपूर्वी आम्ही कुणाला विचारला नव्हता आणि ते आम्हाला महागात पडलं. तुम्ही लिहिलंय की जानेवारीत पिंपरीहून स्टुटगार्टला येताय, सोबत मिसेस आणि चार वर्षांची मुलगी आहे, क्रेटा विकायला काढली आहे. जर्मनीत जुनी मर्सिडीज क्रेटाच्या भावात मिळते असं ऐकलंय, तर आल्या आल्या ती घ्यावी का? गाडी नसली किंवा अगदी साधी असली तर ऑफिसातले आणि शेजारचे काय समजतील? आणि शेवटी लिहिलंय, "घरचे तर विचारणारच."

त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण खरा दाब तिथला असतो.

माझे वडील टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये होते. टेल्कोचा डाइमलर-बेंझशी करार 1954 सालचा. 1969 पर्यंत तिथल्या ट्रकच्या तोंडावर तीन टोकांचा तारा असायचा, आणि वडील कामाला लागले तेव्हा जुने कामगार अजून "टाटा-मर्सिडीज" असंच म्हणत. 1994 साली मर्सिडीजची भारतातली कंपनी सुरू झाली, पुढच्या वर्षी पुण्यातून ई-क्लास बाहेर पडू लागली. वडिलांनी एकदा लांबून ती पाहिली आणि घरी येऊन आईला तिच्या दाराचा आवाज कसा येतो ते सांगितलं. आमच्या घरात मर्सिडीज म्हणजे मोठे साहेब बसतात ती गाडी. त्यामुळे आमची बदली स्टुटगार्टला झाली तेव्हा नातेवाइकांच्या मनात काय चित्र उभं राहिलं असेल ते तुम्हाला कळेल. तुमच्याही घरी तेच झालं असणार.

आता इथलं चित्र बघा. विमानतळावरून टॅक्सी कराल, ती बहुतेक फिकट पिवळसर रंगाची मर्सिडीज असेल. शहरातली बस बऱ्याचदा मर्सिडीजची. दर आठवड्याला कचरा न्यायला येणाऱ्या ट्रकवरही तोच तारा. पहिल्या महिन्यातच तुमच्या लक्षात येईल की ज्या चिन्हाने आपल्याकडे सोसायटीचा वॉचमन उभा राहतो, ते इथे रोजच्या कामाचं चिन्ह आहे. आम्ही राहतो त्या ब्योब्लिंगेन जिल्ह्यात मर्सिडीजचा झिंडेलफिंगेनचा कारखाना आहे. या जिल्ह्याच्या बीबी अक्षरांच्या नंबरप्लेटवर नवी कोरी मर्सिडीज दिसली की इथला माणूस "श्रीमंत दिसतो" म्हणत नाही, "कारखान्यात असेल" म्हणतो. कामगारांना सवलतीत गाडी मिळते, वर्षभर वापरून ते ती विकतात. अशा गाड्यांना इथे यारेसवागेन, म्हणजे वर्षभराची गाडी, असं नावच आहे.

यापुढची गोष्ट मला कळायला दोन वर्षं लागली. जर्मनीत दरवर्षी नोंद होणाऱ्या नव्या गाड्यांपैकी साधारण दोन-तृतीयांश कुणाच्या खासगी नावावर नसतात. त्या कंपन्यांच्या, भाड्याने देणाऱ्यांच्या, विक्रेत्यांच्या असतात. तुमच्या ऑफिसच्या तळघरात ज्या चकचकीत ऑडी आणि बीएमडब्ल्यू दिसतील त्यातल्या बऱ्याच डीन्स्टवागेन, कंपनीने दिलेल्या. पगाराऐवजी गाडी, असा तो व्यवहार आहे. खासगी वापर असेल तर गाडीच्या छापील किमतीचा 1 टक्का दर महिन्याला तुमच्या करपात्र उत्पन्नात धरतात, शिवाय घर ते ऑफिस अंतराच्या प्रत्येक किलोमीटरला 0.03 टक्के. 60,000 युरोची गाडी आणि 20 किलोमीटरचं अंतर असेल तर महिन्याला 600 अधिक 360, म्हणजे 960 युरोंवर कर. गाडी पूर्ण विजेची असेल तर ठरावीक किमतीपर्यंत हा हिशेब चौथाईवर येतो, म्हणूनच ऑफिसात चार्जिंगच्या जागेसाठी रांग असते. कुठल्या पदाला किती किमतीपर्यंतची गाडी हे कंपनीच्या नियमात लिहिलेलं असतं. म्हणजे गाडीवरून माणूस ओळखतात तो इथेही ओळखतात. फक्त त्यावरून त्याचं पद कळतं, घरात काय आहे ते कळत नाही. तुम्ही स्वतःच्या पैशाने दहा वर्षांची मर्सिडीज सी-क्लास आणून शेजारी लावलीत, तर सहकाऱ्यांच्या मनात तुमचं पद हलणार नाही. ते फार तर विचारतील, "दुरुस्तीचं कुठे करतोस?"

आणि ज्यांच्याकडे खरंच आहे, ते दाखवत नाहीत. हा श्वाबेन लोकांचा मुलूख. "शाफे, शाफे, हॉयस्ले बाउए" ही त्यांची म्हण सगळ्या जर्मनीला माहीत आहे: राबा, राबा, आणि घरटं बांधा. आमच्या पहिल्या घरमालकीणबाईंची तीन घरं भाड्याने दिलेली होती आणि त्या स्वतः वीस वर्षं जुनी फोक्सवॅगन गोल्फ चालवत. शनिवारी जिना पुसायची पाळी आली की स्वतः बादली घेऊन यायच्या. नवी गाडी मागवताना मागचा मॉडेलचा आकडा लावू नका, असं सांगायची सोय इथे आहे, आणि मोठं इंजिन घेणारे बरेच जण ती वापरतात. पुण्यात मी साध्या मॉडेलवर वरच्या मॉडेलचं स्टिकर लावून घेणारे पाहिले होते, 0001 नंबरासाठी लाखो रुपये मोजणारे पाहिले होते. इथे आवडीचा नंबर 10 युरो 20 सेंटला मिळतो. लोक त्यात मुलांची आद्याक्षरं आणि लग्नाची तारीख घालतात.

आता आमचं. आल्यावर सातव्या महिन्यात आम्ही एक मोठ्या नावाची, नऊ वर्षं जुनी, आलिशान गाडी घेतली. पगार बरा होता, बँकेने कर्ज दिलं. खरं कारण एकच, दिराच्या लग्नात सगळे विचारणार होते. फोटो पाठवले, सासूबाईंनी साऱ्या गल्लीत दाखवले, त्यांचा आनंद खरा होता आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. चौथ्या महिन्यात गिअरबॉक्स गेला. खर्च 3,800 युरो. अशा गाडीची विकताना किंमत उतरते, दुरुस्तीची किंमत मात्र नव्या गाडीइतकीच राहते, हे कुणी सांगितलं नव्हतं. इथल्या अधिकृत वर्कशॉपमध्ये नुसत्या मजुरीचा दर तासाला दीडशे युरोच्या पुढे जातो. त्या वर्षीच्या दिवाळीची तिकिटं आम्ही काढली नाहीत. आजीची ती शेवटची दिवाळी होती.

म्हणून सांगते, पहिले सहा महिने गाडीच घेऊ नका. नोकरीचा प्रोबेत्साइट, म्हणजे परीक्षेचा काळ, बहुतेक करारांत सहा महिन्यांचा असतो. त्या काळात लीजवर सही करणं म्हणजे स्वतःच्या गळ्यात दोर घालणं.

हे सहा महिने लायसन्समध्ये घाला. इथे राहायला आल्या दिवसापासून आपलं भारतीय लायसन्स सहा महिनेच चालतं. त्यानंतर ते खिशात असलं तरी गाडी चालवणं हा फौजदारी गुन्हा आहे, नुसता दंड नाही. भारताचं लायसन्स थेट बदलून मिळत नाही, लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. शिकवणीच्या तासांची सक्ती नसली तरी ड्रायव्हिंग शाळेत नाव घालावं लागतं, डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा कोर्सही. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते, प्रत्यक्ष परीक्षा जर्मनमध्येच. परीक्षक "पुढच्या चौकात डावीकडे" म्हणाला तर तेवढं कळायला हवं. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा नियम आपल्या अंगवळणी पडलेला नसतो, आणि पंधरा वर्षं पुण्यात चालवलेले हात तिथेच चुकतात. माझे यजमान पहिल्यांदा त्यातच नापास झाले. माझं म्हणणं, तुम्ही आणि मिसेस दोघांनी बरोबरच नाव घाला. नवऱ्याकडे लायसन्स आणि बायको घरात, असं झालं की गावाबाहेरच्या घरात बाईचं जग फार लहान होतं. मी ते दीड वर्ष काढलंय.

गाडीशिवाय चालेल का, हे घर कुठे घेता त्यावर आहे. एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकल रेल्वेच्या ओळीवर, ब्योब्लिंगेन, एसलिंगेन, बाड कानश्टाट अशा ठिकाणी घर मिळालं तर गाडी लागतच नाही. देशभर लोकल गाड्या, बस, ट्राम चालणारा डॉइचलांडटिकेट 2023 मध्ये 49 युरोंना सुरू झाला, आता महिना 63 आहे. लांब जायचं असेल किंवा कपाट आणायचं असेल तर स्टाटमोबिलसारखी तासावर मिळणारी गाडी आहे. आमच्या ऑफिसातल्या एका विभागप्रमुख बाई मुलांना पुढे खोका असलेल्या विजेच्या सायकलवरून बालवाडीत सोडतात. ती सायकल पाच-सहा हजार युरोंची आहे, आणि इथल्या शिकल्या-सवरल्या लोकांत तिला जुन्या मर्सिडीजपेक्षा जास्त मान आहे, हेही खरं. पण भाडं कमी म्हणून श्वाबिश आल्बच्या डोंगराळ बाजूला एखाद्या खेड्यात गेलात, जिथे बस तासाला एक आणि रविवारी त्याहून कमी, तर मुलीला ताप आल्यावर गाडी हवीच.

घ्यायची वेळ आली की कोंबी बघा, म्हणजे मागे लांब डिकी असलेली. आपल्याकडे या गाड्या कधी रुजल्या नाहीत. टाटा इस्टेट 1992 मध्ये आली आणि काही वर्षांत गेली, कारण आपल्याला डिकी वेगळी उठून दिसायला हवी असते. इथे डॉक्टरपासून सुतारापर्यंत सगळे कोंबी चालवतात. आम्ही नंतर स्कोडा ऑक्टाव्हिया कोंबी घेतली, आठ वर्षं झाली. किंवा सरळ डाशिआ. रेनोच्या मालकीची ही रुमानियन कंपनी, आणि आपल्याकडे 2012 साली रेनो डस्टर म्हणून जी आली ती मूळची हिचीच. डाशिआ सांडेरो 2024 मध्ये युरोपात सगळ्यात जास्त खपलेली मोटार होती. ती घेतल्यावर कुणाच्या भुवया वर जात नाहीत, माझा शब्द.

स्वस्त म्हणून जुनी डिझेल उचलू नका. स्टुटगार्ट शहरात 2019 पासून युरो 4 (गाडीच्या धुराचं मानक) आणि त्याखालच्या डिझेल गाड्यांना बंदी लागू झाली, पुढच्या वर्षी काही भागात युरो 5 लाही. इतक्या स्वस्तात ती शहराबाहेर का विकायला आहे, हे मग कळतं. ट्यूफ, म्हणजे दर दोन वर्षांची तपासणी, किती महिने शिल्लक आहे ते कागदावर बघा. हिवाळ्याच्या टायरांचा दुसरा संच गाडीबरोबर मागा, बर्फाच्या चिन्हाचा. विमा नवख्याला महाग पडतो, इथे तुम्ही पंधरा वर्षांचे चालक असलात तरी खात्यावर शून्य वर्षं. तरी भारतातल्या कंपनीकडून नो क्लेम बोनसचं इंग्रजी पत्र निघण्याआधी घ्या आणि इथे विचारून बघा. पार्किंगची जागा वेगळी भाड्याने लागू शकते, आम्ही महिना 80 युरो भरतो.

घरच्यांचं काय सांगायचं, ते राहिलं. मी एकदा आईला फोनवर सगळा हिशेब वाचून दाखवला होता, हप्ता, विमा, टायर, सगळं युरोत आणि मग रुपयांत. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग तुमची ती साधीच बरी." त्यानंतर तिने पुन्हा विचारलं नाही. वडील दोन वर्षांपूर्वी आले, तेव्हा त्यांना स्टुटगार्टच्या मर्सिडीज संग्रहालयात नेलं, आमच्या कोंबीतूनच. दसरा जवळ होता, म्हणून त्यांनी हट्टाने पार्किंगमध्ये गाडीची पूजा केली. झेंडू मिळाला, आंब्याची पानं नाही मिळाली. चाकाखाली लिंबू ठेवलं, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या आजी खाली येऊन विचारू लागल्या, वडिलांनी त्यांना पेढा दिला आणि आपल्या मराठीत सगळं समजावून सांगितलं.

मुलीची गाडीतली खुर्ची इथेच घ्या, तिकडची आणू नका. 12 वर्षं किंवा 150 सेंटिमीटर उंची होईपर्यंत ती कायद्याने लागते आणि इथल्या मानकाचीच चालते. पोचलात की कळवा. झिंडेलफिंगेनला आयकेआ हे फर्निचरचं दुकान आहे, शनिवारी आमच्या गाडीतून नेईन तुम्हाला. मागची सीट आडवी केली की पलंगाचे खोके मावतात.