कार्ड वाकडं झालं, फुलं माना टाकतात, आता काय करू?

श्रावण लागला की माझ्याकडे येणारी पत्रंसुद्धा दमट असतात, खोटं नाही सांगत, यावेळी एका पाकिटाचा गोंद सुटून पत्र अर्धं बाहेर आलेलं. राखीपौर्णिमा तोंडावर आलीये त्यामुळे कार्डांचे प्रश्न जास्त, बाकीचे फुलांचे. बऱ्याच जणींचं रडगाणं एकच, व्हिडिओ बघून केलं पण तसं झालं नाही. कसं होणार? तो व्हिडिओ करणारी कुठेतरी कोरड्या हवेत बसलेली असते आणि आपण कागदात सुई घालायला बसतो ते जिथे मिठाच्या बरणीला पाणी सुटतं तिथे. तर यावेळची उत्तरं आपल्या कोकणातल्या हवेच्या हिशोबाने.

प्रश्न : ताई, भावाला राखीबरोबर पाठवायला कार्डावर दोऱ्याने भरतकाम करतेय. तीन कार्डं फुकट गेली. दोन टाके घातले की कागद फाटतो, पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखा सुटून येतो, आणि जे एक पुरं झालं ते पापडासारखं वळलं. काय चुकतंय? (वाचक, देवरुख)

अगं तीनच गेली ना, माझी पहिली सहा गेलेली. तू कागद कुठला घेतलास ते लिहिलं नाहीस पण मला वाटतं ड्रॉइंगच्या वहीचा घेतला असशील, तो पातळ पडतो. स्टेशनरीच्या दुकानात २५० ते ३०० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप) कार्डशीट माग, हाताला लग्नपत्रिकेसारखा कडक लागला पाहिजे.

आता मुख्य गोष्ट, भोकं आधी पाडायची आणि टाके नंतर. कापडावर जशी आपण सुई सरळ घुसवतो तशी इथे घुसवायची नाही. डिझाइन बटर पेपरवर काढ, तो कार्डावर दोन क्लिपांनी पकड, खाली काहीतरी मऊ पाहिजे, मी तुटलेल्या हवाई चपलेचा तळ स्वच्छ धुऊन ठेवलाय, त्याच्याइतकं भारी पॅड विकत मिळत नाही. मग बारीक सुईने सरळ उभी भोकं पाड. सुईच्या जागी बोर्डाची पुशपिन वापरू नकोस, तिचं भोक दोऱ्यापेक्षा मोठं होतं आणि मग टाका सैल लोंबतो. दोन भोकांत ३ ते ४ मिलिमीटर अंतर ठेव, वळणावर थोडं कमी चालेल, पण २ च्या खाली गेलीस की तुझं पोस्टाचं तिकीट तयार.

दोऱ्याची लडी आपली नेहमीची, आठ मीटरची, तिच्यात सहा पदर असतात ते सुटे कर आणि फक्त दोन घे, पानांच्या शिरांना एकच पुरे. लांबी कोपरापासून बोटांपर्यंत, म्हणजे दीड फुटाच्या आसपास, त्याहून लांब घेतलास तर प्रत्येक भोकातून घासून घासून शेवटाकडे दोरा पिंजतो. मागे गाठ मारू नकोस, पुढून टेंगूळ दिसतं. दोऱ्याचं टोक कागदी टेपने चिकटव. सेलोटेप नको बाई, आपल्या हवेत त्याचा चीक बाहेर येतो, वर्षभरात पिवळा डाग पडतो आणि तो डाग बरोब्बर पुढच्या बाजूला उमटतो.

टाके कुठले, तर बॅकस्टिच म्हणजे उलटी टीप, साखळी, पाकळ्यांना लेझी डेझी म्हणजे साखळीचा एकेक सुटा टाका. दाट भरीव टाका कागदावर घालू नये, भोकं एकमेकांना चिकटून तो तुकडाच गळून पडतो. पहिल्यांदा करतेस तर पाच पाकळ्यांचा साधा पांढरा चाफा घे, साठ-सत्तर भोकांत होतो, दुपारचं जेवण आटपून बसलीस तर चहापर्यंत संपतो.

आणि वळण्याचं कारण दोन, एकतर तू दोरा ओढून घट्ट केलास, कापडाची सवय असते ना आपल्याला, कागदावर दोरा नुसता टेकला पाहिजे. दुसरं म्हणजे मागचा पसारा झाकायला जो कागद लावलास तो पातळ पांढऱ्या गोंदाने लावलास ना? त्यातलं पाणी कार्ड पितं. ग्लूस्टिक नाहीतर दुहेरी टेप घे. मग दोन कोऱ्या कागदांत ठेवून रात्रभर पिठाच्या डब्याखाली दाबून ठेव. आमच्याकडे पाटा होता तोवर पाट्याखाली ठेवायचे, आता पाटा गेला.

प्रश्न : कार्ड तयार आहे पण पोस्टाने पुण्याला जाईपर्यंत भिजणार नाही ना? (वाचक, राजापूर)

कार्ड आधी पातळ पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घाल, तोंड बंद कर, मग पाकिटात. पोस्टात राखीसाठी पाणी न शिरणारी पाकिटं मिळतात ती विचार, कार्ड त्यात मावेल असंच कापायचं हे शहाणपण आधी सुचलं तर बरं, मला कधीच सुचत नाही. वर उठणाऱ्या फ्रेंच नॉटच्या गाठी दबतात म्हणून त्या जागेवर टिश्यूची एक घडी. रजिस्टर पोस्ट मागायला जाऊ नकोस, २०२५ मधे ते स्पीड पोस्टातच मिळवलंय, तेव्हा सरळ स्पीड पोस्ट कर. आणि पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात नको, दहा दिवस हाताशी ठेव, घाटात दरड कधी येईल ते आपल्या हातात नाही.

प्रश्न : बाय गे, माझ्या नातीन माका मुंबैसून भरतकाम केल्ला कार्ड धाडल्यान. ता खंय ठेवू? भितीर लावलंय तर पावसात बुरशी येतली म्हणान भिया वाटता. (एक आजी, मालवण)

आजी, तुमचं पत्र वाचून आधी मी माझ्या आईला फोन केला. भितीर लावा पण पावसाचा झोत ज्या भिंतीवर येतो ती भिंत सोडून, आपल्याकडे बहुतेक घरांत ती पश्चिमेची. आतल्या खोलीची, दोन्हीकडून घर असलेली भिंत बघा. स्वयंपाकघरात नको, वाफ आणि फोडणीचं तेल दोन्ही बसतं. फ्रेमवाल्याला सांगा काच कार्डाला टेकता कामा नये, मधे पुठ्ठ्याची पट्टी घालून दे, नाहीतर दमट हवेत कागद काचेला चिकटतो आणि मग काढताना नातीची मेहनत काचेवरच राहते. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे तुकडे चिकटवायचे म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. एवढं करा, मग काय्येक भिया नको.

प्रश्न : मी दर शनिवारी बाजारातून फुलं आणते, रोज पाणी बदलते, साखरही घालते तरी तिसऱ्या दिवशी माना टाकतात. फुलं टिकत का नाहीत? (एक नवी सून, गुहागर)

तुझ्या पत्रात एक ओळ आहे ती मी दोनदा वाचली, "फुलदाणी जेवणाच्या टेबलावर, केळ्यांच्या टोपलीशेजारी ठेवते, छान दिसते". सापडलं की गं. पिकणाऱ्या केळ्यातून इथिलीन नावाचा वायू सुटतो, त्याच वायूने शेजारचं फळ पिकतं आणि त्याच वायूने बरीचशी फुलं म्हातारी होतात. कार्नेशन आणि ऑर्किडला तर तो अजिबात सोसत नाही. मे महिन्यात आंब्याची आढी घातलेल्या खोलीत फुलं ठेवलीस तरी हेच होणार, आणि आता श्रावणात सत्यनारायणाला आणि पुढे गणपतीत घड टांगलेला असतो तेव्हा फुलदाणी दुसऱ्या खोलीत न्यायची. टोपली हलव, अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं असं की नुसती साखर घातलीस तर तू फुलांबरोबर पाण्यातल्या जंतूंनाही जेवायला वाढतेस, पाणी बुळबुळीत होतं आणि देठाची तोंडं बुजतात. साखर घालायची तर बरोबर आंबट पाहिजे आणि जंतू मारणारं पाहिजे, एक लिटर पाण्यात दोन चमचे साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि कपड्यांच्या ब्लीचचे चार-पाच थेंब. एवढी कटकट नको असेल तर साखर सोड, साधं पाणी रोज बदल, फुलदाणी आतून भांड्याच्या साबणाने घास, ती कुणी घासतच नाही, नुसती विसळतात. देठ दोन दिवसांनी तिरके काप, बोटाच्या एका पेराएवढे, आणि पाण्यात बुडणारी पानं सगळी काढून टाक.

जरबेराची गंमत वेगळी, त्याच्या देठाला लव असते आणि खोल पाण्यात तो सडतो, म्हणून तळाशी तीन बोटं पाणी पुरे. शेवंतीला काही केलं नाहीस तरी आठ-दहा दिवस जाते, गरीब बिचारी. गुलछडीची खालची सुकलेली फुलं खुडत जा म्हणजे वरच्या कळ्या उमलतात.

पण खरं सांगू का, घाट उतरून बर्फाच्या खोक्यातून आलेलं ते जरबेरा आणण्यापेक्षा तुझ्या परसात बघ. ओढ्याकाठी, विहिरीच्या कडेला सोनटक्का असेल, आत्ता त्याचेच दिवस आहेत. अख्खा दांडा कापून पाण्यात ठेव, संध्याकाळी उमलतो, घरभर वास, दुसऱ्या दिवशी ते फूल मलूल होतं पण त्याच कणसातून पुढची कळी तयार असते, असा तो पाच-सहा दिवस चालतो. जास्वंदीला तर पाणीसुद्धा लागत नाही, तिचा एक दिवस ठरलेला, ताटलीत नुसती ठेवलीस तरी संध्याकाळपर्यंत उघडी राहते आणि पाण्यात ठेवलीस तरी रात्री मिटतेच. आणि जरा टिकाऊ हवं असेल तर अँथुरियमची कुंडी लाव सावलीत, आपली दमट हवा त्याला मानवते, कापलेलं फूल दोन आठवडे सहज राहतं.

प्रश्न : सोनचाफ्याचं फूल बाटलीत पाण्यात बंद करतात ते घरी जमेल का? भेट द्यायचंय. (वाचक, वेंगुर्ला)

वेंगुर्ल्यात बसून विचारताय! जमेल. पहाटेचं, नुकतं उमलतंय असं, डाग नसलेलं फूल घ्या, काचेची बाटली उकळून कोरडी करा, पाणी उकळून पूर्ण गार करा, फूल आत सोडून पाणी काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडा राहिला तर तिथूनच काळं पडायला लागतं. बूच घट्ट. उन्हात ठेवू नका. दिसायला महिनाभर तरी छान राहतं, वास मात्र बाटलीत कोंडला जातो, तेव्हा ज्याला वास हवाय त्याला ताजंच द्या.

प्रश्न : ताई राग नको, पण ही कार्डंबिर्डं फॉरेनची थेरं आहेत, आपल्यात अशी पद्धत होती का? राखी आणि नारळीभात पुरे की. (एक काका, सावंतवाडी)

काका, राग कसला. फॉरेनचं म्हणता ते खरंच आहे, पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१८, फ्रान्समधे जाळीदार रेशमी कापडाच्या पट्ट्यांवर फुलं, झेंडे असं भरून ते तुकडे कापून पोस्टकार्डाच्या चौकटीत चिकटवायचे आणि आघाडीवरचे सैनिक ते विकत घेऊन घरी धाडायचे. म्हणजे आईला, बायकोला. आता याला थेरं म्हणायचं का ते तुम्हीच ठरवा.

पण मला गंमत वाटली ती तुमच्या गावाची. सावंतवाडीत राहून हाताने केलेल्या कार्डाला नावं ठेवताय? तुमच्या राजवाड्यात बसून कारागीर गंजिफा रंगवतात त्या काय आहेत, हातभर मेहनतीचे गोल पत्तेच ना. दशावतारी गंजिफाचा जोड १२० पत्त्यांचा, दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकाचे बारा, आणि एकेक पान हाताने रंगवायचं. आणि खेळ म्हटला तर आता खेळणारे किती उरलेत, लोक ते भेट म्हणूनच नेतात. मी तर म्हणते भाच्यांना घेऊन या वर्षी वाटीने गोल आखून एकेक पत्ता रंगवायला बसा, मत्स्य सोपा आहे, नरसिंहाच्या वाटेला जाऊ नका. नारळीभात पाहिजेच, त्याबद्दल वाद नाही.

प्रश्न : बायकोच्या पन्नासाव्या वाढदिवसाला स्वतःच्या हाताने काहीतरी द्यायचंय. सुई कधी धरलेली नाही. शिंपल्यांची फ्रेम करू का? दोन महिने आहेत. (वाचक, अलिबाग)

शिंपले नको. एकतर बऱ्याच शंखांत जीव असतो, कधी मूळ मालक, कधी भाड्याने राहणारा खेकडा, आणि काही शंख-शिंपले १९७२ च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहेत, कुठला कुठला ते तुम्हाला-मला किनाऱ्यावर ओळखायचं नाही. दुसरं, नीट न धुतलेल्या शिंपल्याचा वास. पन्नाशीला तो वास नको.

पिंपळाचं जाळीचं पान करा, शाळेत केलं असेल. चांगली मोठी, जून, न किडलेली दहा पानं घ्या, दहातली तीन चांगली निघतात. बादलीत पाण्यात बुडवून वर दगड ठेवा आणि बादली घरापासून लांब, कारण घाण वास सुटतो. तीन-चार आठवड्यांनी हिरवा गर सुटायला लागतो, तेव्हा पान ताटलीत पाण्यात धरून मऊ जुन्या टूथब्रशने हळूच थोपटायचं, घासायचं नाही. जाळी राहते. टिपकागदात दाबून सुकवा, आपल्या हवेत कागद रोज बदलायचा, पहिला आठवडा तरी. मग काळ्या कार्डशीटवर चिकटवा आणि खाली तुमच्या अक्षरात दोन ओळी. अक्षर वाईट असलं तरी तुमचंच पाहिजे, छापून आणू नका.

प्रश्न : कार्डाला खऱ्या फुलाचा वास यावा असं काही करता येईल का? सेंट नकोय. सुरंगी चालेल? (वाचक, शिरोडा)

सुरंगी चालली असती, सुकली तरी वास धरून ठेवते, पण तिचे दिवस फेब्रुवारी ते एप्रिल, आता श्रावणात कुठून आणणार. उन्हाळ्यातला सुकलेला वळेसर, म्हणजे सुरंगीचा गजरा, कुणाच्या कपाटात साडीच्या घडीत असेल तर माग, नाही म्हणाली तर रागावू नकोस, मीसुद्धा देणार नाही.

बकुळ घे. तुमच्याकडे ओवळं म्हणतात ती. झाडाखाली पडलेली फुलं वेच, बकुळीच्या फुलाला मधे आपसूकच भोक असतं त्यामुळे कार्डावर शिवायला तिच्यासारखं सोपं फूल नाही, भरतकामात जिथे फ्रेंच नॉट घातली असतीस तिथे एक सुकी बकुळ ठेवून मधून दोन टाके, झालं. मात्र पूर्ण सुकलेलीच लाव, ओलसर लावलीस तर पाकिटात बुरशी. आत्ता ऊन नाही तर फुलं सुती फडक्यात सैल बांधून तांदळाच्या डब्यात चार-पाच दिवस ठेव, तांदूळ ओल ओढतो. फक्त ते तांदूळ वेगळ्या लहान डब्यात काढून घे. मी अख्ख्या डब्यात पुरचुंडी ठेवलेली, पुढचे आठ दिवस आमच्याकडे बकुळीच्या वासाचा भात आणि त्यावर बांगड्याची आमटी, अजून घरात त्याचा विषय निघतो.