लेझरने हलणारे दात घट्ट होतात का?

प्रश्न: डॉक्टर, आमच्या सासूबाई ५८ वर्षांच्या आहेत. शुगर आहे, आणि मिश्री सकाळ-संध्याकाळ लागतेच. खालचे पुढचे दोन दात हलायला लागलेत, चूळ भरली तरी रक्त येतं. सांगलीत एका दवाखान्यात दाखवलं तर नुसतं तोंडात बघून म्हणाले पायरिया आहे, लेझर करा, टाके नाहीत, दुखणार नाही, एका बैठकीत काम होईल. खर्च बराच सांगितलाय. शेजारच्या काकू म्हणतात दात साफ केले की उलट जास्त हलतात. काय करू? (एक वाचक, तासगाव)

उत्तर: ताई, पैसे भरायच्या आधी एकच विचारा, हिरड्या मोजल्या का? बारीक काडीसारखं एक हत्यार असतं, त्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात, ते दात आणि हिरडीच्या फटीत अलगद सरकवून प्रत्येक दाताला सहा ठिकाणी मोजतात आणि आकडे लिहून घेतात. ३ पर्यंत ठीक, ४ किंवा त्याच्या पुढे गेलं की तिथे पॉकेट, म्हणजे हिरडी दातापासून सुटून खोल फट, झालंय, आणि ६-७ असेल तर आत हाडही झिजलेलं असतं बहुतेक, ते एक्सरेत दिसतं. हे आकडे नसताना लेझर लागेल की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही.

आता लेझर. आपल्याकडे बहुतेक दवाखान्यात डायोड लेझर असतं, ते मऊ भागावर चालतं, म्हणजे पॉकेटच्या आतली सडलेली कातडी काढायला, रक्त कमी यायला. पण मुळाला चिकटलेलं दगडासारखं किटण त्याने निघत नाही, ते मशीनने आणि हाताच्या हत्यारांनी खरवडूनच काढावं लागतं, यालाच डीप क्लीनिंग म्हणतात, भूल देऊन करतात. अमेरिकेतल्या हिरड्यांच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१८ मध्ये सगळा अभ्यास तपासून सांगितलं की साफसफाईला लेझरची जोड दिली तर फायदा होतो, पण तो सरासरी १ मिलिमीटरपेक्षाही कमी. म्हणून आधी साफसफाई, मग सहा-आठ आठवड्यांनी परत मोजायचं, आणि तरीही खोल राहिलं तर लेझर किंवा फ्लॅपचं, म्हणजे हिरडी जराशी उघडून आतून साफ करायचं, छोटं ऑपरेशन, तेव्हा बोलू.

काकूंचं म्हणणं मी रोज ऐकतो. किटणाने दात एकमेकांना जखडून ठेवलेले असतात, ते काढलं की आधीच सैल झालेला दात जाणवायला लागतो आणि फटी दिसतात. साफसफाईने दात सैल होत नाही. सूज उतरली की थोडा घट्टही होतो, फार हलत असेल तर बाजूच्या दातांना बांधून घेता येतो. पण गेलेलं हाड पूर्वीसारखं येईल असं कुणी सांगितलं तर सावध राहा.

शुगरचं मात्र मनावर घ्या. शुगर जास्त असली की हिरड्या बऱ्या होत नाहीत, आणि हिरड्यांची सूज शुगर वाढवते, दोन्ही एकमेकांना ओढतात. तीन महिन्यांची शुगर, ती एचबीए१सी, तपासून रिपोर्ट दातांच्या डॉक्टरांकडे न्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही सांगा, स्वतःहून बंद करू नका.

आणि मिश्री. तव्यावर भाजलेली तंबाखूच आहे ती, आपल्या भागातल्या बायका वर्षानुवर्षं हिरड्यांवर चोळतात, बोटाची जागा ठरलेली असते, आणि मला बऱ्याचदा त्याच जागची हिरडी खाली गेलेली दिसते. सासूबाईंना आरशासमोर बसवून गाल आतून दाखवा, पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली तर दातांचं नंतर, आधी तेच दाखवायचं. एकदम सुटणार नाही हे मला माहितीये, निदान संध्याकाळची आधी बंद करा, तलफ आली की बडीशेप द्या.

सांगलीत आणि कराडला डेंटल कॉलेजं आहेत, तिथल्या हिरड्यांच्या विभागात, म्हणजे पेरिओमध्ये, दुसरं मत घ्या. एक दिवस जाईल, नंबर लावायला सकाळी लवकर निघा, सासूबाईंना नाश्ता आणि शुगरची गोळी देऊनच न्या.