शेवट आधीच ठाऊक असलेल्या प्रेमकादंबरीचे परीक्षण करताना नेमके काय पाहावे?

शेवट गोड होणार हा या प्रकाराचा वाचकाशी झालेला करारच असून १९०८ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या मिल्स अँड बून या प्रेमकादंबऱ्यांच्या प्रकाशनसंस्थेचा सारा डोलारा त्यावरच उभा आहे. त्यामुळे ‘शेवट ओळखता आला’ ही तक्रार परीक्षणात गैरलागू ठरते. तपासायचा तो शेवटाआधी नायक-नायिकेत येणारा दुरावा. एका फोनने मिटणारा गैरसमज शंभर पाने ताणला असेल, तर तसे स्पष्ट लिहावे. नाताळच्या कथांत दोघे हमखास बर्फात अडकतात. बर्फ वितळल्यावरही त्यांना एकत्र राहायला कारण उरते का, हे मी पाहतो. सीताबर्डीवरून आणलेल्या अशा जुन्या प्रती मी मे महिन्यात, नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत कूलरसमोर बसून वाचतो, आणि तेव्हाही तो गारठा अंगाला जाणवला, तर लेखिकेला पूर्ण गुण देतो.