उपकेंद्रातून डिजिटल आरोग्याकडे वळताना

ताई, उपकेंद्रातली परिचारिकेची नोकरी सोडून आरोग्याच्या सॉफ्टवेअरच्या कामाकडे वळायचं म्हणता, पण नोकरी इतक्यात सोडू नका. प्रसूतीच्या कामाचा अनुभव हीच तुमची खरी पुंजी आहे. दिवसभर रजिस्टरात लिहिलेलं रात्री घरी पुन्हा ‘अनमोल’ या माता-बालकांच्या नोंदींच्या सरकारी ॲपमध्ये भरायचं, हा त्रास सॉफ्टवेअरवाल्यांना तुमच्याइतका नेमका कोण सांगणार? शेवटच्या पाळीची तारीख चुकली की प्रसूतीची अंदाजे तारीखही चुकते. बाई ‘होळीच्या आसपास’ म्हणते, पण रकान्यात तारीखच लागते. अशा अडचणी आजपासून वहीत टिपा. मुलाखतीत त्या फार कामी येतात. अभ्यासात आधी एक्सेल पक्कं करा, मग १४ अंकी आभा क्रमांक, म्हणजे रुग्णाचा डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक, आणि रुग्णाच्या संमतीचे नियम. कोडिंगचं नंतर बघू. रात्रपाळीनंतर पुस्तक उघडू नका, आधी झोपा. परीक्षेचं वेळापत्रक लागताच रजेचा अर्ज देऊन टाका.