‘तुम्ही बसा की ओ’: नजर गेलेल्यांच्या घरून आलेले प्रश्न

सोलापुरातली नजर गेलेली माणसं आणि त्यांच्या घरचे, यांना भेटण्यातच माझा सगळा आठवडा जातो. काठी धरायला शिकवायची, मोबाइल बोलका करून द्यायचा आणि मध्येच कुणाला रडू आलं तर गप्प बसून ऐकायचं, असं हे काम. तोच घोळ दर आठवड्याला नव्या घरातून येतो, म्हणून यावेळी काही प्रश्नांची उत्तरं इथेच देते. पत्रं लांब होती, मुद्द्यापुरती ठेवली आहेत.

प्रश्न : आंधळा, अंध, दिव्यांग, दृष्टिबाधित... नेमकं काय म्हणायचं?

नावाने हाक मारा. ‘दिव्यांग’ सरकारी अर्जावर लिहा.

प्रश्न : सासरे ७४ वर्षांचे. मधुमेहामुळे दोन्ही डोळ्यांची नजर जवळजवळ गेली आहे. दोन महिन्यांपासून त्यांना खोलीत टोपी घातलेली बुटकी माणसं दिसतात, भिंतीवर चादरीसारखी नक्षी दिसते. शेजारी ‘बाहेरचं’ म्हणतात. एकाने अंगारा दिला आणि उतरवायला तीन मंगळवार बोलावलं आहे. दिराला वाटतं, वेड लागलं.

मंगळवार रद्द करा. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा ‘चार्ल्स बॉनेट सिंड्रोम’ असण्याची बरीच शक्यता आहे. डोळ्यांकडून मेंदूला चित्रं पोचणं कमी झालं की काही जणांचा मेंदू स्वतःच चित्रं रंगवायला लागतो. बॉनेट हा स्वित्झर्लंडचा निसर्ग-अभ्यासक. नजर अधू झालेल्या आपल्या आजोबांना माणसं, पक्षी, गाड्या दिसतात, अशी नोंद त्याने १७६० मध्ये केली. म्हणजे दुखणं जुनंच आहे, आपल्याकडे ते देवऋषीच्या खात्यात जमा होतं एवढंच.

सासऱ्यांना शांतपणे दोन गोष्टी विचारा. ती माणसं बोलतात का? आणि ती खरी नाहीत हे तुम्हाला कळतं का? ती मुकी असतील आणि सासऱ्यांना ‘हे खरं नाही’ एवढं उमगत असेल, तर धीर द्या. अशा वेळी दिवा लावणं, उठून जागा बदलणं किंवा डोळे डावी-उजवीकडे भराभर फिरवणं, याने चित्र बऱ्याचदा विरतं. पण आवाज ऐकू येत असतील, ‘मला मारायला आलेत’ असं ते म्हणत असतील, वेळकाळाचं भान सुटत असेल, ताप असेल किंवा नुकतंच नवं औषध सुरू झालं असेल, तर कारण दुसरं असू शकतं. कारण कोणतंही असो, या आठवड्यात नेत्रतज्ज्ञ आणि फिजिशियन दोघांनाही दाखवा, साखरही तपासून घ्या. त्यांनी दोन महिने हे कुणाला सांगितलं नसेल तर ‘वेडा म्हणतील’ या भीतीने. दिरांनी नेमकं तेच म्हटलं!

प्रश्न : आई ६१ वर्षांच्या. काचबिंदूने नजर गेली, वर्ष झालं. आम्ही दोघी सुना त्यांना काडीही उचलू देत नाही, सगळं हातात देतो. तरी त्या चिडतात, जेवत नाहीत, दिवसभर पलंगावर. आम्ही कुठे कमी पडतो?

कमी नाही, जास्त पडता.

तुमच्या घरी आले नसले तरी तिथलं वाक्य मी सांगू शकते: ‘तुम्ही बसा की ओ, आम्ही हाय की.’ नव्या पेठेपासून जुळे सोलापुरापर्यंत हेच वाक्य ऐकते आहे. त्यात माया असते, नाही असं नाही. पण चाळीस वर्षं घर चालवलेल्या बाईला डोळ्यांबरोबर घरातलं कामही गमवावं लागतं. डोळे काचबिंदूने नेले, काम तुम्ही काढून घेतलंत. पहिल्याला इलाज नाही, दुसऱ्याला आहे.

एका घरातली गोष्ट सांगते. बाईंना कडक भाकरीचा हात होता, आख्खी गल्ली त्यांच्याकडून भाकरी नेई. नजर गेल्यावर स्वयंपाकघर बंद. मी गेले तेव्हा सून म्हणाली, ‘हात भाजला तर लोक आम्हाला काय म्हणतील?’ मी परातीत ज्वारीचं पीठ घेऊन बाईंच्या पुढे सरकवलं. त्यांनी पाणी बोटाने अंदाजून घातलं, पीठ मळलं, गोळा घेतला आणि थापायला लागल्या. भाकरी कडेला जाड राहिली की तळव्याला कळतं, त्याला डोळे लागत नाहीत. तव्यावर टाकून वरून पाणी फिरवलं आणि वाफेचा वास बदलेपर्यंत थांबल्या. मग कडेला बोट लावून म्हणाल्या, ‘सुटली.’ उलटली. पहिली भाकरी थोडी करपली. चौथी मंद आचेवर कडक करून त्यांनी माझ्या कानाशी मोडली. कट्कन आवाज आला. त्या दिवशी त्या जेवल्या.

हे लगेच उद्या करू नका. आधी सोय करा. गॅसच्या बटणावर ‘बंद’च्या जागी एमसीलचा उंचवटा चिकटवा. साडीचा पदर खोचायचा आणि वर पिन लावायची. तव्याचा दांडा रोज एकाच दिशेला. मीठ, तिखट आणि शेंगाचटणीचे डबे वेगवेगळ्या आकाराचे घ्या आणि कुणीही त्यांची जागा हलवायची नाही, पाहुण्यांनीसुद्धा. दार सताड उघडं किंवा पूर्ण बंद, अर्धवट दारावर कपाळ फुटतं. ताटात काय कुठे आहे ते घड्याळाप्रमाणे सांगा: बाराला भाजी, तीनला चटणी. बाहेर नेताना त्यांचा दंड धरून ओढू नका. त्यांना तुमचा कोपर धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला.

चिडण्याबद्दल. नजर जाणं हे घरातलं माणूस जाण्यासारखं असतं, त्याचं सुतक वर्षात फिटेलच असं नाही. त्या रडल्या तर ‘रडू नका, डोळ्यांना त्रास होतो’ म्हणू नका (हे मी खरोखर ऐकलंय). शेजारी बसा, हातातला मोबाइल खाली ठेवा, सल्ला देऊ नका. त्यांना मोबाइल ठेवल्याचं कळणार नाही असं वाटत असेल तर तो गैरसमज आहे. आणि त्या घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असतील तर समुपदेशनही त्याच भाषेत होईल असं बघा. आपल्या पूर्व भागात मी हे नेहमी पाहते: व्यवहार मराठीत चोख, पण दुःख मायबोलीतच बाहेर पडतं. जेवण सुटलंय, दिवसभर पलंग सुटत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर ते नैराश्य असू शकतं. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, भाकरीवर भागवू नका.

आता मुख्य गोष्ट, जी तुम्ही विचारलीच नाही. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, पण उरलेली टिकवायची तर थेंब चालू ठेवावे लागतात. ‘आता दिसतच नाही तर थेंब कशाला’ असं ठरवून कुणी ते बंद तर केले नाहीत ना? डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक थेंबही बंद करायचा नाही. आणि रक्ताच्या नात्यात काचबिंदूचा धोका जास्त असतो. आईंच्या मुलांनी, म्हणजे तुमच्या दोघींच्या नवऱ्यांनी, डोळ्यातला दाब कधी तपासला? हा आजार दुखत नाही, त्यामुळे माणूस निवांत राहतो. चष्म्याच्या दुकानात नंबर काढणं म्हणजे काचबिंदूची तपासणी नव्हे. पुढच्या रविवारी नाही, याच आठवड्यात जा.

प्रश्न : मुलगा ९ वर्षांचा, जन्मतः अंध. ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या (मेंदूचा मधला भाग ‘जागा’ करतो म्हणणाऱ्या) वर्गात डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं पुस्तक वाचतात, हे मी स्वतः पाहिलं. फी मोठी आहे, पण दागिने मोडायची तयारी आहे.

दागिने ठेवा. ती मुलं नाकाच्या कडेला राहिलेल्या फटीतून बघतात. पट्टीखालची फट बुजवून किंवा पुस्तक कपाळासमोर धरून वाचायला सांगा, मेंदू लगेच ‘थकतो’. ज्याला मुळात दिसत नाही त्याला ना फट उपयोगाची, ना पट्टी. त्याला ब्रेल शिकवा. सहा टिंबांत सगळी मराठी मावते. नऊ वर्षं म्हणजे उशीरच झालाय. विशेष शिक्षकांना भेटा आणि लहान मुलांच्या नेत्रतज्ज्ञांचं मत कागदावर घ्या.

प्रश्न : आमच्या मंडळाला अंध बांधवांसाठी भावनिक आधाराचा उपक्रम करायचा आहे. चादरवाटप आणि सत्कार ठरला आहे. आणखी काय करता येईल?

सोलापुरात चादर वाटायची! माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे अशा सात चादरी आहेत. आठवी आली तेव्हा त्यांनी मला विचारलं, ‘मॅडम, एखादं मंडळ गप्पा वाटतं का?’

वाटप रद्द करा आणि त्यांना कामाला लावा. भजनी मंडळात टाळ द्या, हिशोब सांगायला बसवा, मंडळाच्या बैठकीला बोलवा. तरुण असतील तर क्रिकेटचा संघ उभा करा. अंधांच्या क्रिकेटचा चेंडू प्लास्टिकचा असतो, आत छर्रे वाजतात. गोलंदाज आधी ‘रेडी?’ विचारतो, फलंदाजाने ‘येस’ म्हटल्यावर ‘प्ले’ म्हणत खालून टाकतो. पूर्ण अंध खेळाडूची धाव दुप्पट धरतात. तुमच्या पोरांनी एकदा पट्टी बांधून खेळून पाहावं, मग सत्कार कुणाचा करायचा ते कळेल. बुद्धिबळाचा पटही मिळतो. त्यात काळी घरं उंच असतात आणि सोंगट्या भोकात बसतात. उन्हाळ्यात सकाळी सहाला तळ्याकाठी एकास एक जोडीने फेरी काढा. पण तीच जोडी, दर आठवड्याला, निदान सहा महिने. दोनदा येऊन गायब होणारा मित्र न आलेलाच बरा. फोटो काढायचा तर आधी विचारा, आणि काढल्यावर त्यात काय आलंय ते सांगा.

प्रश्न : मुलीला ध्यानवर्गाला नेलं. ती जन्मतः अंध आहे. शिकवणाऱ्यांनी ‘डोळ्यांपुढे निळा समुद्र आणा’ सांगितलं. ती घरी येऊन हसली आणि मग गप्प झाली.

हसली ते बरोबरच. निळा रंग तिच्या अनुभवातच नाही. तिला श्वास द्या, आवाज द्या, हाताला काही द्या. शेंगा सोलताना टरफलाचा खरखरीतपणा, फुटल्याचा आवाज, दाण्याची साल यांवर पाच मिनिटं मन ठेवणं हेही ध्यानच. गप्प झाली त्याबद्दल मात्र तिला विचारा. आणि ध्यानात घाबरं होत असेल, जुन्या आठवणी उसळत असतील, तर वर्ग थांबवून समुपदेशकाकडे जा.

प्रश्न : धाकटा भाऊ २६ वर्षांचा. रेटिनायटिस पिगमेंटोसा (डोळ्याच्या पडद्याचा आजार) आहे. आधी रात्रीचं गेलं, आता कडेचं दिसत नाही. यंत्रमागावरचं काम सोडावं लागलं. ‘मी नसलेलाच बरा’ म्हणतो. आई म्हणते, लग्न लावून दिलं की ठीक होईल.

हे उत्तर पूर्ण वाचायच्या आधी १४४१६ हा नंबर लावा. ही सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आजच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, त्याला एकटं ठेवू नका, औषधं आणि कीटकनाशक हाताशी ठेवू नका. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने कल्पना डोक्यात घुसते, ही ऐकीव गोष्ट आहे. उलट बोलायला वाट मिळते.

लग्न हे औषध नाही, आणि दुसऱ्या घरची मुलगी म्हणजे तर नाहीच. हा आजार आनुवंशिक आहे, त्यामुळे पुढे लग्नाचा विचार होईल तेव्हा दोघांनीही आनुवंशिकता-तज्ज्ञांशी बोलावं. तो सावरला की संगणक शिकवा. ‘एनव्हीडीए’ हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम फुकट आहे. ते शिकवणारा माणूस शक्यतो स्वतः न दिसणारा असावा.

प्रश्न : दिव्यांगत्वाचं कार्ड काढायचं पुढच्या वर्षी ठरवलंय. चालेल ना?

नाही. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर बऱ्याच सवलती त्या कार्डाशिवाय मिळत नाहीत. आधी नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्या.

प्रश्न : आईची नजर गेल्यापासून तिला गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, नेलं नाही. यंदा अक्षता सोहळ्याला न्यावं की गर्दीमुळे नको? घरात दोन मतं आहेत.

दोनच? तिसरं आईंचं. त्यांना विचारलंत का?

त्या हो म्हणाल्या तर तासभर आधी जा, कडेची जागा धरा, पायात घट्ट चप्पल, खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. हृदयाचं किंवा श्वासाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच, सजवलेल्या काठ्या) कुठवर आले ते हळू आवाजात सांगत राहा. मात्र ‘हर्र बोला हर्र’ सुरू झालं की सांगणं थांबवा आणि त्यांच्या मुठीत अक्षता द्या.