पिशवीत तीन, कपाटात एक

प्रिय मावशीबाई,

अनेक आशीर्वाद.

दिवाळीच्या सुटीत ताईच्या दोन्ही मुलांसह वेरूळ, अजिंठा आणि लोणार करायचं ठरलंय आणि पुस्तकांचं खातं तुझ्याकडे आलंय, हे कळलं. सोबतची यादीही पाहिली. अकरा पुस्तकं! त्यातला ज्ञानकोश एकटाच दीडेक किलोचा भरेल. सहा वर्षांच्या भाचीला तो मांडीवर पेलणार नाही, आणि दहा वर्षांच्या भाच्याने तो गाडीत उघडला तर फर्दापूरच्या घाटात पिशवी धरायची वेळ तुझ्यावर येईल. यादी बाजूला ठेव. पिशवीत तीन पुस्तकं आणि दोन कोऱ्या वह्या, शिवाय घरच्या कपाटात लपवलेलं एक पुस्तक, एवढ्यावर चार दिवस निघतात. पिशवीचं वजन किलोच्या वर जाऊ देऊ नकोस, नाहीतर तिसऱ्या दिवशी ती हॉटेलच्या खोलीतच राहते.

तुझ्या यादीची खरी अडचण वजनाची नाही. जायचं ठिकाण बघून तू पुस्तकं शोधलीस, मुलांचे प्रश्न बघून नाही. निघण्याआधी दहा-बारा दिवस एक कर. लोणारचा वरून काढलेला एक फोटो आणि कैलास लेण्याचा एक, दोघांसमोर ठेव आणि गप्प बस. ते जे विचारतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे. ‘एवढा खड्डा पडला, मग तो दगड कुठे गेला?’ असं काहीतरी येईलच. हा कागद घेऊन दुकानात जा. ज्या पुस्तकात यातल्या दोन-तीन प्रश्नांची उत्तरं सापडतील ते घ्यायचं. मुखपृष्ठावरचा डायनोसॉर कितीही देखणा असो.

माहितीचं पुस्तक हातात घेतलंस की आधी आवृत्तीचं साल बघ, आणि साल ताजं असलं तरी मजकूर ताजा आहे असं धरू नकोस. कित्येकदा नुसतं पुनर्मुद्रण असतं. त्यासाठी दोन खुणा पुरतात. ग्रह नऊ दिले असतील तर मजकूर २००६ च्या आधीचा, कारण त्या वर्षी प्लूटो ग्रहांच्या यादीतून गेला. दुसरी खूण तुझ्या सहलीतलीच आहे. लोणारचं वय बघ. जुन्या पुस्तकांत ते सुमारे ५० हजार वर्षं असतं. पुढे तिथल्या वितळून थिजलेल्या खडकातल्या आर्गॉन वायूवरून केलेल्या मोजणीत ते ५.७ लाख वर्षांच्या आसपास निघालं. दहापटीहून जास्त फरक आहे हा! ज्या पुस्तकात दोन्ही आकडे आहेत आणि पहिला कसा काढला, दुसरा कसा, हेही दिलंय, ते डोळे मिटून घे. फक्त नवा आकडा देणारंही चालेल. जुना आकडा ठणकावून सांगणारं मात्र इतर पानांवरही दगा देईल. शनीच्या चंद्रांच्या संख्येवरून पुस्तकाला नापास करू नकोस. २०२५ मध्ये एकदम १२८ नव्या चंद्रांची भर पडून ते २७४ झाले. छापील पुस्तकाने या शर्यतीत किती धावावं!

‘हे कसं कळलं?’ याचं उत्तर पुस्तकात आहे का, ही माझ्या मते सगळ्यांत मोठी परीक्षा. लोणारचा खड्डा ज्वालामुखीचा असावा असं बराच काळ मानलं जायचं. मग तिथल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकात, मास्केलिनाइट नावाची काच सापडली. ती प्रचंड आघाताच्या दाबाखालीच तयार होते. आधीचा समज, मग पुरावा, मग बदललेलं मत, असा क्रम ज्या लेखकाने मांडला त्याला मुलांसाठी लिहिता येतं. लोणारशी जोडलेली लोणासुराची आणि विष्णूची पुराणकथाही हवीच, पण कथा म्हणून. दोन्ही एकाच परिच्छेदात कालवलेलं पुस्तक परत फळीवर ठेव.

भाषेसाठी दुकानातच एक परिच्छेद मोठ्याने वाच. लाजू नकोस. श्वास पुरला नाही किंवा वाक्याचा कर्ता कोण हे कळेना, तर भाषांतर घाईत झालंय असं समज. आणि शब्द तपास. हवेत जळत जाते ती उल्का, जमिनीवर पोचतो तो अशनी. हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरणारं पुस्तक लोणारसाठी तरी घेऊ नकोस.

आता मुलांची मापं. भाची पहिलीत आहे, म्हणजे तिला जोडाक्षरं कमी असलेलं पुस्तक हवं. एका पानावर दोन-तीन ओळी, अक्षर टपोरं, ओळींमध्ये भरपूर जागा. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकला की या वयाची मुलं हमखास अडखळतात, आणि आपण म्हणतो लक्ष नाही. भाच्यासाठी पाच बोटांची चाचणी वापर. मधलं कुठलंही पान वाचायला दे, अडलेल्या प्रत्येक शब्दाला त्याने एक बोट मिटायचं. एक-दोन बोटं मिटली तर पुस्तक त्याचं. तीन-चार मिटली तर ते त्याला वाचून दाखवायचं. मूठ वळली तर पुढच्या वर्षी.

बांधणीही बघून घे. मधोमध पिना मारलेलं बत्तीस पानी पुस्तक प्रवासाला उत्तम, हलकं आणि सपाट उघडणारं. दोऱ्याने शिवलेलंही चांगलं. नुसत्या गोंदावर चिकटवलेलं जाड पुस्तक उन्हात तापलेल्या गाडीत दोन दिवस राहिलं की पानं सोडतं. आणि गुळगुळीत चकचकीत कागदावर उन्हात काही दिसत नाही, पेन्सिलही उमटत नाही.

तीन पुस्तकं कोणती, हे मी नावानिशी सांगणार नाही. दुकानात त्या दिवशी काय मिळेल ते तिथेच कळेल. प्रकार सांगतो. भाचीसाठी जातककथांचं, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींचं सचित्र पुस्तक, ज्यात सहा सुळ्यांच्या हत्तीची, म्हणजे षड्दंताची गोष्ट असेल. ही गोष्ट अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात रंगवलेली आहे. घरी चार वेळा ऐकलेला हत्ती अंधूक भिंतीवर ओळखता आला की ती पोरगी तिथून हलणार नाही. भाच्यासाठी दगड, ज्वालामुखी, अशनी यांचं एक. तिसरं दोघांचं, मोठ्याने वाचायचं, आणि त्याचा सहलीशी काडीचा संबंध नसला तरी चालेल. संध्याकाळी दमलेल्या मुलांना पुन्हा लेणी नको असतात. बजेट संपलं तर ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार फुकट मिळतात आणि बालभारतीच्या ‘किशोर’चे जुने अंकही. दोन्ही निघण्याआधी उतरवून ठेव, नेटवर्कवर विसंबू नकोस.

निघण्याआधीच्या आठवड्यात दोन संध्याकाळी स्वयंपाकघर माग. पहिल्या दिवशी परातीत चार बोटं जाड मैदा पसर, वर रांगोळीच्या रंगाचा पातळ थर दे. गोटी आधी गुडघ्याइतक्या उंचीवरून सोडायची, मग कंबरेच्या, मग खांद्याच्या. प्रत्येक खड्ड्याची रुंदी दोऱ्याने मोजून वहीत दोऱ्याएवढी रेघ मारायची. खड्डा गोटीपेक्षा मोठा पडतो आणि आतला पांढरा मैदा रंगावर उडून बसतो, हे त्यांना आपणहून दिसू दे. मग मात्र एक गोष्ट तू सांग: इथे हा प्रयोग खोटं बोलतो. परातीत गोटी शाबूत राहते. लोणारला आलेला दगड सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने आला, त्यामुळे त्याचा बहुतेक भाग वितळून, वाफ होऊन गेला. ‘दगड कुठे गेला?’ याचं उत्तर तिथे मिळतं. वापरलेला मैदा टाकून दे, कुणाच्या शंकरपाळ्यांत जायला नको.

दुसऱ्या दिवशी साबण. अंगाच्या साबणाची नवी वडी घे. जुनी सुकलेली वडी तडकते. वरच्या बाजूला कडेपासून एक सेंटिमीटर आत, तीन बाजूंनी रेघ मारायची आणि चमच्याच्या दांड्याने तेवढाच खोल चर खणायचा. मधे उरतो तो ठोकळा म्हणजे देऊळ. कैलास असंच, डोंगरात तीन बाजूंनी चर घेऊन, वरून खाली कोरलंय, आठव्या शतकात. आधी शिखर, मग खाली. भाचा हत्ती कोरायला जाईल आणि सोंड तुटेल. तुटू दे. ‘आता चिकटवू या?’ म्हणेल, तेव्हा दगडाला काय चिकटवशील एवढंच विचार. वेरूळला १६ क्रमांकाच्या लेण्यात शिरल्यावर तुला फार बोलावं लागणार नाही.

प्रवासात वाचनाची जागा म्हणजे रेल्वे. मुंबईहून संभाजीनगरपर्यंतचे सहा-सात तास तुझे. गाडीच्या रस्त्याला लागलात की पुस्तकं बंद. डोळे स्थिर पानावर असतात, कानातलं तोल सांभाळणारं यंत्र मात्र वळणं सांगत असतं, आणि या भांडणात पोट ढवळतं. गाडीत तू वाचायचं नाहीस, गोष्ट सांगायचीस. मुलांनी खिडकीबाहेर, लांब बघायचं. आणि तिन्ही पुस्तकं पहिल्याच दिवशी काढू नकोस. रोज एक.

लेण्यात पुस्तक बाहेर काढायचंच नाही. प्रत्येकाने एक गोष्ट शोधायची: भाचीने तो हत्ती, भाच्याने अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या हातातलं कमळ. वहीत पेन्सिलनेच काढायचं. पेनाची शाई घामाने पसरते. आत उजेड कमी असतो, दोन मिनिटं थांबलं की डोळे सरावतात आणि मग रंग दिसू लागतात. फ्लॅश चालत नाही. आणि तिथे प्रश्नोत्तरं घेऊ नकोस. ‘सांग बघू, किती लेणी?’ असं बापाने विचारलं की मुलं पुढच्या लेण्यात लांबून चालतात.

लोणारसाठी घरून हळदीचे कागद ने. टिपकागद हळदीच्या दाट पाण्यात बुडवून सावलीत वाळवायचे, बोटभर पट्ट्या कापायच्या. सरोवराचं पाणी अल्कधर्मी आहे, सामू (pH) १० च्या आसपास. पट्टी तांबूस होते. घरी साबणाच्या पाण्यात आधी करून बघा म्हणजे काय बघायचं ते कळेल. पाण्यापर्यंत जाऊ देतात का ते तिथल्या वनरक्षकाला विचार, वापरलेली पट्टी परत आण, आणि दगड कुणाच्याही खिशात जाऊ देऊ नकोस, ते अभयारण्य आहे. २०२० च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झालं होतं. पाणी आटून खारटपणा वाढला आणि खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव माजले. हे मात्र सांगून टाकू नकोस. त्या वर्षीचा फोटो काठावर उभं राहून दाखव आणि दोघांना तर्क लढवू दे.

कपाटातलं चौथं पुस्तक तुझ्या यादीतला तो ज्ञानकोशच असू दे. परतल्यावर दोन दिवसांनी, कपडे धुऊन झाले की बाहेर काढ, वहीतल्या अनुत्तरित प्रश्नांसकट. जाण्याआधी तो चाळला असता तर भाच्याने चित्रं बघून मिटला असता. आता तो सूचीत ‘ल’ शोधेल.

तुझा,
काका

ता. क. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. तुझ्या आराखड्यात मंगळवारी वेरूळ लिहिलंय. आणि अजिंठ्याला गाडी चार किलोमीटर अलीकडेच थांबवतात, पुढे तिथली बस, तेव्हा पुस्तकांची पिशवी गाडीत राहू दे, वही, पेन्सिल आणि पाणी तेवढं बरोबर घे.